शरदात ॲरिझोना ट्रेल: मुंबईहून जाणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणपती गावाला गेले आणि पाऊस ओसरू लागला, की सह्याद्रीत फिरणाऱ्या मंडळींचे प्रश्न सुरू होतात. व्हिसा, थंडी, अस्वलं, बॅगेचं वजन असं सगळं विचारून झाल्यावर अगदी शेवटी पाणी. माझ्या मते पाणी सगळ्यात आधी विचारायला हवं. इथली उत्तरं फ्लॅगस्टाफ ते ग्रँड कॅन्यनचा दक्षिण काठ या टप्प्याची आहेत आणि ती सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरअखेर या काळापुरती धरावीत.

ही वाट नेमकी कुठली?

ॲरिझोना ट्रेल मेक्सिकोच्या सीमेवर सुरू होते आणि यूटा राज्याच्या सीमेवर संपते. लांबी साधारण ८०० मैल, म्हणजे १,२९० किलोमीटरच्या आसपास, आणि तिचे ४३ टप्पे पाडले आहेत. डेल श्यूवॉल्टर नावाच्या फ्लॅगस्टाफच्या शिक्षकाने १९८५ मध्ये अख्खं राज्य पायी ओलांडलं आणि मग या वाटेचा ध्यास घेतला. २००९ मध्ये तिला राष्ट्रीय वाटेचा दर्जा मिळाला. २०११ मध्ये ती सलग जोडली गेली.

पूर्ण वाटेला दीड-दोन महिने लागतात. नोकरी सांभाळून जाणाऱ्या मुंबईकराला ते शक्य नसतं, म्हणून मी हा उत्तरेकडचा तुकडा सुचवते. रोज वीस-बावीस किलोमीटर चाललात तर आठ-नऊ दिवसांत होतो.

वाळवंट म्हणता आणि जंगलही म्हणता. आहे तरी काय?

दोन्ही आहे. फ्लॅगस्टाफ समुद्रसपाटीपासून २,१०० मीटरवर वसलंय. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे ज्या गावात तुम्ही चहा पिऊन चालायला लागता, तेच महाराष्ट्रातल्या सगळ्यात उंच टोकापेक्षा साडेचारशे मीटर वर आहे. एवढ्या उंचीवर हवा गार राहते, बर्फ पडतं, म्हणून झाडं तगतात. पाऊस मात्र बेताचाच. बर्फाचं पाणी धरूनही वर्षाला साधारण ५५० मिलिमीटर. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला होता, त्यावरून अंदाज करा.

पडलेलं पाणीही वर थांबत नाही. खाली भेगाळलेला चुनखडक आणि ज्वालामुखीची राख-दगड आहेत, पाणी सरळ आत जिरतं. त्यामुळे घनदाट जंगलातून दिवसभर चालूनही एकही वाहता ओढा लागत नाही. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला झाडी दिसली की जवळपास पाणी असणार असं वाटतं. ही सवय इथे आधी सोडावी लागते.

झाडांचे पट्टे उंचीप्रमाणे बदलतात. खाली उघड्या माळावर बुटके जुनिपर आणि पिन्यन पाइन, मधे उंच पाँडेरोसा पाइन, त्याच्याही वर ॲस्पेन, फर आणि स्प्रूस. फ्लॅगस्टाफला लागून असलेल्या सॅन फ्रान्सिस्को शिखरांच्या याच उतारांवर १८८९ मध्ये हार्ट मेरियम या प्राणिशास्त्रज्ञाने उंचीनुसार बदलणाऱ्या जीवपट्ट्यांचा अभ्यास केला होता. तुम्ही तो पायांनी करता: पहिल्या दोन दिवसांत पाँडेरोसातून ॲस्पेनमध्ये चढायचं, मग बॅबिट रँचच्या उघड्या गवताळ-जुनिपर पट्ट्यात उतरायचं आणि कोकोनिनो रिमवर, म्हणजे ग्रँड कॅन्यनच्या अलीकडच्या उंच कड्यावर, पुन्हा पाँडेरोसात शिरायचं.

शरदच का?

वसंतात वाटेवर बर्फ किंवा चिखल असतो. जूनमध्ये वणव्यांची भीती, जंगलं बंदही करतात. जुलै ते सप्टेंबर तिथलाही मान्सून असतो: रोज दुपारी गडगडाट, आणि उघड्यावर वीज पडण्याचा खरा धोका. सप्टेंबर सरता सरता आभाळ मोकळं होतं आणि पावसाने तळ्यांत थोडं पाणी भरलेलं असतं. सप्टेंबरच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत ॲस्पेनची पानं पिवळीधमक होतात. शेवग्याचा पाला वाऱ्यावर कसा सळसळतो, तशी ही पानं अगदी मंद झुळकीलाही थरथरतात, कारण त्यांचा देठ चपटा असतो.

माझी पसंती ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्याला. उशीर कराल तर पानं गळलेली मिळतील आणि बर्फ पडण्याची शक्यता वाढेल. ऑक्टोबरातही एखादं वादळ बर्फ टाकून जाऊ शकतं, तेव्हा एक दिवस हाताशी राखून ठेवा.

एक दिवस कसा जातो?

हाच प्रश्न मला सगळ्यात आवडतो, म्हणून जरा सविस्तर. कोकोनिनो रिमवरचा, ऑक्टोबरच्या मध्यातला दिवस घेऊ.

पहाटे साडेपाचला जाग येते ती थंडीने. तापमान शून्याच्या आसपास, कधी चार-पाच अंश खाली. तंबूच्या आतल्या बाजूला तुमच्याच श्वासाचा दव गोठलेला असतो, हात लागला की मानेवर झरतो. पाण्याचा फिल्टर स्लीपिंग बॅगमध्ये पायाशी ठेवलेला असतो, तो आधी चाचपायचा. बर्नरवर पाणी ठेवायचं, चहा आणि गरम पाण्यात भिजवलेले पोहे. या वेळी बोटं काम करत नाहीत, म्हणून सगळं रात्रीच एका पिशवीत काढून ठेवलेलं बरं.

साडेसहाला सूर्य वर येतो. चालायला लागताना अंगावर सगळे कपडे असतात, पण वीस मिनिटांत जाकीट काढावंच लागतं. घाम यायच्या आत काढा. ओला बनियन आणि गार वारा ही जोडी दिवसभर त्रास देते.

आठ-साडेआठला ऊन खोडांवर पोचतं. जुन्या पाँडेरोसाची साल नारिंगी-पिवळी असते, तिचे कपचे निघतात आणि कपच्यांच्या मधे खोल चिरा असतात. उन्हाची बाजू शोधा आणि त्या चिरेला नाक लावा. व्हॅनिलाचा वास येतो, काहींना बटरस्कॉचचा येतो. लहान झाडांची साल काळपट असते, तिला हा वास नाही. खाली पडलेली पानं उचलून पाहा: पाँडेरोसाच्या लांब सुया बहुधा तीन-तीनच्या जुडीत असतात, पिन्यनच्या आखूड सुया दोन-दोनच्या. एवढं कळलं की उंची चढतेय की उतरतेय ते नकाशा न काढताही समजू लागतं.

दहाच्या सुमारास पाणी. तिथलं 'टँक' म्हणजे गुरांसाठी मातीचा बांध घालून साठवलेलं तळं. रसेल टँकसारखं एखादं मोठं सोडलं तर बहुतेक डबकीच, कडेला खुरांचे ठसे आणि शेण. इथे घाई करू नका. तासभर गेला तरी चालेल. पाणी भरा, निवळू द्या, गाळा, पोटभर प्या आणि पुढच्या पाण्यापर्यंतचं उचला. त्या दिवशी किती चालायचं, कुठे थांबायचं, किती ओझं वाहायचं हे सगळं या तळ्याकाठी ठरतं. किलोमीटर नंतर मोजायचे.

दुपारी पारा पंधरा-अठरावर जातो. वाट सोपी आहे: सुयांचा मऊ थर, बारीक चढ-उतार, रॉकपॅच नाही, दृष्टिभय नाही. राजमाचीला जाणारी कोंढाण्याची वाट ज्यांना जमते त्यांना ही जमेल. जेवायला थांबलात की बूट-मोजे काढून उन्हात टाका. हवा इतकी कोरडी असते की अर्ध्या तासात मोजे खडखडीत वाळतात.

आता एक पद्धत सांगते, ती मनापासून पाळा. रात्रीचं जेवण मुक्कामावर शिजवू नका. चार वाजता, पाणी असेल तिथे थांबून जेवून घ्या, भांडं धुवा, आणि मग पुढे तीन-चार किलोमीटर चालून कोरड्या जागी तंबू लावा. याने मुक्कामाला अन्नाचा वास राहत नाही, पाणी कमी वाहावं लागतं आणि जनावरांना तळं मोकळं मिळतं.

पावणेसहाला सूर्य बुडतो आणि गारठा एकदम उतरतो. कुरणात किंवा खोलगट जागी तंबू लावू नका, थंड हवा तिथेच साचते. दहा-पंधरा मीटर वर, झाडांखाली लावा, दवही कमी पडेल. लावण्याआधी मान वर करून बघा: अडकलेली वाळकी फांदी किंवा मेलेलं झाड डोक्यावर नको.

साडेसातला झोप. इतक्या लवकर झोप येणार नाही असं मुंबईत प्रत्येकाला वाटतं, तिथे येते.

पाणी किती उचलायचं?

लिटरला किलो, हे वजन विसरू नका. साधारण दोन तासांना एक लिटर धरा, वर रात्रीचं आणि सकाळचं मिळून दोन लिटर. म्हणजे पुढचं खात्रीचं पाणी एका दिवसाच्या चालीवर असेल तर सहा लिटर. बॅबिट रँचचा उघडा पट्टा सगळ्यात कोरडा, तिथे सावलीही नाही. तिथे कंजुषी करू नका.

मुंबईत घाम निथळतो, शर्ट ओला होतो, शरीरातून पाणी चाललंय हे कळतं. तिथे घाम येतो आणि त्याच क्षणी उडून जातो. कपडे कोरडे, तहान फारशी नाही, आणि दुपारनंतर डोकं ठणकायला लागतं. ते दुखणं उंचीचं आहे असं समजून लोक गोळी घेतात. आधी अर्धा लिटर पाणी प्या, चिमूटभर मीठ-साखर घालून. लघवीचा रंग बघत राहा, गडद पिवळी असेल तर तुम्ही मागे पडलाय.

गुरांच्या तळ्यातलं पाणी प्यायचं? खरंच?

हो, नीट शुद्ध करून. गढूळ पाण्याने फिल्टर दोन दिवसांत तुंबतो, म्हणून आधी पाणी निवळून घ्या. आपल्या घरातली तुरटी इथे कामाला येते. दोन लिटरच्या पिशवीत गढूळ पाणी भरा, तुरटीचा खडा दोन-तीनदा फिरवा, अर्धा तास हलवू नका. गाळ तळाशी बसतो, वरचं नितळ पाणी अलगद दुसऱ्या पिशवीत ओता. मलमलचं चौपदरी फडकं बाटलीच्या तोंडाला बांधलंत तर शेवाळ आणि किडेही बाहेर राहतात. मग फिल्टर. शेण जवळ असेल तर मी वर क्लोरीनच्या गोळ्याही टाकते.

फिल्टर गोठू देऊ नका. पोकळ तंतूंचा फिल्टर ओला असताना एकदा गोठला की आतले तंतू फुटतात आणि बाहेरून काहीच दिसत नाही. पाणी पूर्वीसारखंच येत राहतं, फक्त गाळलेलं नसतं. म्हणून रात्री तो अंथरुणात.

तळ्याकाठी तंबू लावला तर?

लावू नका. जनावरांना जवळपास दुसरं पाणी नसेल तर त्या पाणवठ्यापासून पाव मैलाच्या, म्हणजे ४०० मीटरच्या आत मुक्काम करणं ॲरिझोनात कायद्याने मना आहे. कायदा बाजूला ठेवला तरी विचार करा: एल्क (सांबरासारखं मोठं हरीण), इतर हरणं, कोयोटी (कोल्ह्यासारखा प्राणी) रात्री तिथे येतात. तुमचा दिवा दिसला की ती झाडीत उभी राहतात आणि तशीच परत जातात. पंचवीस किलोमीटरमधलं ते एकच पाणी असू शकतं.

शेकोटी?

नाही. परवानगी असलेल्या दिवसांतही नाही, असं माझं ठाम मत आहे.

पाँडेरोसाचं जंगल आगीशी जुळवून घेतलेलं आहे, हे खरं. पूर्वी इथे काही वर्षांआड जमिनीलगतची छोटी आग फिरायची, गवत आणि रोपटी जाळून जायची, जाड सालीच्या मोठ्या झाडांना काही होत नसे. विसाव्या शतकात प्रत्येक आग विझवायचं धोरण आलं आणि झाडी दाट झाली. आता आग लागली की शेंड्यापर्यंत चढते. जून २०१० मध्ये फ्लॅगस्टाफजवळचा शुल्ट्झ वणवा कुणीतरी सोडून दिलेल्या शेकोटीतून पेटला आणि सुमारे १५,००० एकर जळालं. महिन्याभरात पाऊस आला, जळालेल्या उतारांवरून लोंढे आले आणि त्यात एका लहान मुलीचा जीव गेला. २०२२ चा पाइपलाइन वणवा तर शौचाचा कागद जाळल्याच्या प्रकरणाशी जोडला गेला, त्यासाठी एकाला अटक झाली. २६,००० एकरांहून थोडं अधिक. आपलं बोरिवलीचं अख्खं नॅशनल पार्क साधारण तेवढंच आहे.

वाट या जळालेल्या भागांच्या जवळून जाते. बघा आणि मग ठरवा.

शरदात वनखातं स्वतःही ठरवून, राखून जंगल जाळतं. सकाळी दरीत धूर साचलेला दिसला तर घाबरू नका, पण निघण्याआधी कुठे जाळणार आहेत आणि कुठली वाट बंद आहे ते तपासा. जुलै २०२५ मध्ये ग्रँड कॅन्यनच्या उत्तर काठावर ड्रॅगन ब्राव्हो वणव्यात तिथला जुना लॉज जळून गेला. दरीच्या पलीकडे, उत्तर काठावर जायचा विचार असेल तर तिकडची स्थिती आधी पाहणं भागच आहे.

खायला काय न्यावं? विमानतळावर अडवतात का?

अमेरिकेत उतरल्यावर, अर्ज भरायला लागला तर त्यावर आणि तोंडीही, अन्न आहे असं खरं सांगा. लपवलं तर दंड, सांगितलं तर फार तर एखादी वस्तू काढून घेतात. मांस, ताजी फळं, बिया-रोपं नकोत. आणि कढीपत्ता नको, ताजा नाही, सुकवलेलाही नाही. लिंबूवर्गीय झाडांना रोग पसरवणारी कीड त्यावरून येते म्हणून तिथे त्यावर बंदी आहे. म्हणून उपम्याचा भाजका रवा आणि पोह्यांचा चिवडा करताना आईला आधीच सांगून ठेवा. फोडणीत कढीपत्ता पडला की अख्खं पाकीट जाऊ शकतं.

त्या उंचीवर पाणी ९३ अंशांच्या आसपासच उकळतं. डाळ शिजत नाही, गॅस मात्र संपतो. मुगाची खिचडी घरी मऊ शिजवून, ताटात पसरून, पूर्ण वाळवून न्या. गरम पाण्यात वीस मिनिटं टोपीत गुंडाळून ठेवली की होते. सोबत मेतकूट, शेंगदाण्याची कोरडी चटणी, लसणीचं तिखट. चालताना चिक्की, गूळपापडी, खजूर. दिवाळी जवळ असेल तर शंकरपाळ्यांइतकं उत्तम खाणं नाही: तुटत नाहीत, तेल सोडत नाहीत, गोठल्या तरी दातांना जमतात. चकली घेऊ नका, तिसऱ्या दिवशी पीठ होतं.

कोजागिरी वाटेत येत असेल तर दुधाचा मसाला इथून न्या आणि दुधाची पावडर तिथल्या दुकानातून घ्या. त्या कोरड्या हवेत पौर्णिमेला टॉर्च लागत नाही.

गॅसचं सिलिंडर विमानात चालत नाही, फ्लॅगस्टाफला मिळतं. बर्नर न्या, तो पूर्ण स्वच्छ आणि वास नसलेला हवा.

थंडीसाठी काय काय?

शून्याखाली सहा-सात अंश आरामात झेपेल अशी स्लीपिंग बॅग. त्याहूनही महत्त्वाची खालची चटई, कारण जमीन अंग गार करते. पिसांचं जाकीट सह्याद्रीच्या पावसाळ्यात निरुपयोगी ठरतं, इथे ते सगळ्यात चांगलं. लोकरीची टोपी, हातमोजे, झोपण्यासाठी वेगळे कोरडे मोजे.

ओठ फुटतात, नाकातून रक्ताचा थेंब येतो, टाचांना दोन दिवसांत भेगा पडतात. आपण खोबरेल तेल नेतो आणि ते बाटलीत दगडासारखं थिजतं. रुंद तोंडाच्या छोट्या डबीत न्या, बोटाने खरवडून घेता येतं. रात्री टाचांना चोळून मोजे घाला.

मुंबईत राहून तयारी कशी करायची?

दोन दिवस लागोपाठ चालायची सवय करा, बाकी सगळं त्यातून येतं. शनिवारी दहा-बारा किलोंची सॅक घेऊन कर्जतहून खांडस-भीमाशंकर, रविवारी उतरून परत. सोमवारी पाय काय सांगतात ते ऐका. आठवड्यात सकाळी बोरिवलीला कान्हेरीपर्यंत भराभर, किंवा इमारतीचे जिने, पाठीवर पाण्याच्या भरलेल्या बाटल्या घेऊन. उतरतानाही सॅक घेऊनच उतरा, गुडघे तिथेच तयार होतात.

उंचीची तयारी मुंबईत होत नाही. फ्लॅगस्टाफला दोन रात्री राहा. लोवेल वेधशाळा बघून घ्या, १९३० मध्ये प्लूटो तिथेच सापडला. पहिले दोन दिवस पंधरा किलोमीटरच्या वर जाऊ नका, कारण वाट शिखरांच्या बगलेवर सुमारे २,७०० मीटरपर्यंत चढते.

अस्वल, साप, बिबळ्या?

काळं अस्वल आहे, बिबळ्याच्या जागी प्यूमा आहे, दोन्ही माणसाला टाळतात. अन्न तंबूत ठेवू नका. खरा उपद्रव खारी, उंदीर आणि कावळ्यांचा. ते बॅग कुरतडतात. खारींमध्ये एक कानांवर केसांचे झुपके असलेली दिसेल, ती याच पाइनांवर जगते.

एल्कचा मात्र आवाज ऐकून ठेवा. सप्टेंबर-ऑक्टोबर त्यांच्या माजाचा काळ. नर रात्री ओरडतो तेव्हा आधी बारीक शिट्टी चढत जाते, मग घशातला खरखरता सूर. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला कुणी माणूस संकटात आहे असं वाटतं. जवळ जाऊ नका. इथली मूळ एल्क शिकारीने संपली होती. आताचे कळप १९१३ पासून यलोस्टोनहून आणलेल्यांचे वंशज आहेत.

आणि शिकारीचा हंगामही हाच आहे. भडक नारिंगी टोपी किंवा जाकीट घाला, सॅकवरही नारिंगी कापड बांधा. करडे, तपकिरी कपडे घरी ठेवा.

रेंज नसते. घरच्यांना कसं कळवायचं?

फ्लॅगस्टाफ आणि दक्षिण काठाजवळच्या तुसायान गावाला फोन लागतो, मधे भरवसा नाही. उपग्रहावरून संदेश पाठवणारं छोटं यंत्र घ्या, पण मुंबईतून घेऊन निघू नका. भारतात ते विनापरवाना जवळ बाळगणं बेकायदेशीर आहे आणि विमानतळावर लोकांना पकडलंय. अमेरिकेत भाड्याने घ्या, तिथेच परत करा. परत येताना चुकून सॅकच्या कप्प्यात राहिलं तर अडचण इथे उतरल्यावर होईल.

घरच्यांना वेळेचा हिशेब लिहून द्या. ॲरिझोना घड्याळं मागेपुढे करत नाही, आपण कायम साडेबारा तास पुढे. तुमचा संध्याकाळी सहाचा 'पोचले' हा संदेश घरी दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला येणार. हे न सांगितल्याने आया रात्रभर जाग्या राहिलेल्या मला माहीत आहेत.

एकटीने जावं का?

वाट चांगली खुणावलेली आहे, फारआऊट ॲपवर नकाशा आणि पाण्याची ताजी माहिती मिळते, माणसं भली भेटतात. एकटीने सह्याद्रीत मुक्काम केला असेल तर जा. तो केला नसेल तर आधी इथे करा. मुक्कामाची जागा गाडीरस्त्यापासून दूर आणि न दिसणारी निवडा, आणि रोजचा मुक्काम घरी कळवा.

शौच आणि पाळी?

पाण्यापासून, वाटेपासून आणि मुक्कामापासून साठ मीटर दूर, वीतभर खोल खड्डा, नंतर माती. पाणी वापरायची सवय असते, त्यासाठी बाटलीला लावायचं छोटं तोंड मिळतं. पाव लिटरच्या आत होतं. कागद वापरलात तर पुरू नका, जाळू तर अजिबात नका, पिशवीत घालून परत आणा. पॅडही तसेच, दुहेरी पिशवीत, आत थोडी चहाची कोरडी पावडर टाकली की वास राहत नाही. पाळीचा कप वापरत असाल तर हात धुवायला वेगळं स्वच्छ पाणी धरा.

परवानगी, व्हिसा, पोचणं?

पर्यटक व्हिसा, मुलाखत बीकेसीतल्या वकिलातीत. तारीख मिळाल्याशिवाय तिकीट काढू नका. विमान फीनिक्सला, तिथून फ्लॅगस्टाफ सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर, बस आणि शटल आहेत. राष्ट्रीय जंगलात तंबू लावायला परवाना लागत नाही. ग्रँड कॅन्यन पार्कच्या हद्दीत रात्र काढायला लागतो. शेवटी ग्रँड कॅन्यन व्हिलेजहून विल्यम्सला रेल्वे आहे.

वाटेत बघण्यासारखं काय?

सॅन फ्रान्सिस्को शिखरं आठवडाभर पाठीशी दिसत राहतात. तो एका मोठ्या ज्वालामुखीचा उरलेला भाग आहे. आजूबाजूला सहाशेहून अधिक छोटेमोठे ज्वालामुखी आहेत. पायाखालचा काळा दगड बघून सह्याद्रीची आठवण येईल, तोही बेसाल्टच. होपी, नवाहो आणि इतर अनेक लोकांसाठी ही शिखरं देवस्थान आहेत. जेजुरीला किंवा वणीला जसे वागतो तसेच वागा: काही उचलू नका, काही कोरू नका. पिन्यनच्या बिया याच दिवसांत पिकतात आणि स्थानिक कुटुंबं त्या गोळा करायला येतात. चार चाखा, पिशवी भरू नका.

मोकी स्टेशनची जागा लागते, तिथे १८९२ पासून फ्लॅगस्टाफ-ग्रँड कॅन्यन घोडागाड्या थांबत. १९०१ ला रेल्वे आली आणि ते बंद पडलं. पुढे ग्रँडव्ह्यूचा लोखंडी मनोरा, १९३६ चा, वणवे टेहळण्यासाठी उभारलेला. वारा नसेल तर जिना चढा. आठवडाभर ज्या जंगलातून आलात ते सगळं एका नजरेत येतं, आणि उत्तरेला जमीन अचानक तुटलेली दिसते.

काठावर पोचल्यावर खाली नदीपर्यंत उतरून यायचं का?

एका दिवसात नाही. पार्कवालेही तेच सांगतात. आपल्याकडे आधी चढतो आणि थकल्यावर उतरतो, इथे उलट आहे: उतरताना सगळं सोपं वाटतं, आणि चढ शेवटी, उन्हात येतो. खाली मुक्कामाचा परवाना हवा असेल तर काही महिने आधी अर्ज करा. तो नसेल तर साउथ कैबाब वाटेने ऊ-आ पॉइंटपर्यंत जा, एका बाजूला दीड किलोमीटरच्या आत आहे. जायला लागला त्याच्या दुप्पट वेळ परतीला धरा. या वाटेवर पाणी अजिबात नाही, तेव्हा वाटेच्या सुरुवातीला नेणाऱ्या पार्कच्या बसमध्ये चढण्याआधी वरच बाटल्या भरून घ्या.